पाच सेकंदांचा संशय आणि एका हाकेचा: काउबॉय शूटिंगमधल्या तीन निर्णयांबद्दल

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ दोन वर्षांपासून टेक्ससमध्ये आहेत. काउबॉय ॲक्शन शूटिंगचा त्यांचा हा तिसराच सामना. सामना स्टेजमध्ये, म्हणजे टप्प्याटप्प्यानं खेळतात. तिसऱ्या स्टेजला एकच गोळी चुकली तरी दंडाचे पंधरा सेकंद लागले. पाचव्या स्टेजला रायफलीत एक रिकामी पुंगळी राहिली म्हणून दहा सेकंद लागले, ‘रिकाम्या पुंगळीनं कोण मरतं?’ सहाव्या स्टेजला शॉटगन घेऊन डावीकडे जाताना टायमरवाला, म्हणजे वेळ मोजत मागे उभा राहणारा पंच, कानाशी ‘मझल!’ (नळीचं तोंड सांभाळा) असं ओरडला, हे दचकले, दोनेक सेकंद गेले. पुन्हा संधी मागितली तर नकार मिळाला. तिन्ही ठिकाणी अन्याय झाला का, असं त्यांनी विचारलं आहे.

मी अकरा वर्षं या खेळात आहे आणि त्यातली आठ टायमर हातात घेऊन शूटरच्या खांद्यामागे उभं राहण्यात गेली. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून तिन्ही निर्णय बरोबर दिसतात. पण तिघांमागचं कारण एक नाही आणि तुमची गल्लत तिथेच होते आहे. पहिला निर्णय गुणांचा, दुसरा सुरक्षेच्या दंडाचा आणि तिसरा तर निर्णयच नव्हता, ती नुसती हाक होती.

खेळ न पाहिलेल्यांसाठी दोन शब्द. 1982 मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात ‘एंड ऑफ ट्रेल’ हा सामना पहिल्यांदा भरला. पुढे 1987 मध्ये सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी, म्हणजे सगळे जिला ‘सास’ म्हणतात ती संस्था स्थापन झाली. आजचे बहुतेक क्लब तिच्याच नियमांनी खेळतात. एकोणिसाव्या शतकातल्या धाटणीच्या बंदुका लागतात: प्रत्येक बारापूर्वी हॅमर हातानं मागे ओढावा लागतो अशी दोन रिव्हॉल्व्हरं, एक लिव्हर ॲक्शन, म्हणजे खालची दांडी ओढून काडतूस चढवायची रायफल आणि एक जुन्या पद्धतीची शॉटगन. अंगावर त्या काळाचा पोशाख, आणि नाव खरं नव्हे तर संस्थेकडे नोंदवलेलं टोपणनाव. टार्गेट म्हणून लावलेल्या लोखंडी पाट्या फार लांब नसतात, रिव्हॉल्व्हरच्या साधारण सात ते दहा यार्डांवर. गोळी शिशाचीच लागते आणि तिच्या वेगालाही मर्यादा आहे, रिव्हॉल्व्हरला सेकंदाला 1000 फूट आणि रायफलीला 1400. गुणांचा हिशेब सोपा आहे. घड्याळातल्या वेळेत दंडाचे सेकंद मिळवायचे, ज्याची बेरीज कमी तो वर. चुकलेल्या प्रत्येक गोळीचे पाच सेकंद. क्रम किंवा कृती चुकली तर ‘प्रोसिजरल’, बोलीत नुसता ‘पी’, त्याचे दहा. एका स्टेजमध्ये कितीही गोंधळ घातलात तरी पी एकच.

आता तुमची तिसरी स्टेज. तुम्ही लिहिलंय की रिव्हॉल्व्हरला ‘नेवाडा स्वीप’ होता. म्हणजे तीन पाट्या आणि पाच गोळ्या: एक, दोन, तीन, दोन, एक. टोकाच्या पाटीवर लागोपाठ दोनदा मारायचं नाही. तुमच्या पहिल्या दोन लागल्या. तिसरी गोळी तिसऱ्या पाटीवरून मागच्या मातीच्या बांधात गेली, धूळ उडालेली तुम्हालाही दिसली. आणि तुम्ही जे केलंत ते प्रत्येक नवा माणूस करतो: चुकली म्हणून तिसऱ्या पाटीवर पुन्हा मारलीत. ती लागली. मग पाचवी दुसऱ्या पाटीवर, आणि रिव्हॉल्व्हर रिकामं.

हिशेब मांडून पाहा. एक, दोन, माती, तीन, दोन. मातीत गेलेल्या गोळीचे पाच. त्या गोळीबद्दल पी नाही, कारण चुकलेल्या गोळीमुळे पी लागू शकत नाही. ती कुठे जायला हवी होती याचा तर्क कुणी करायचा नाही. पण चौथी गोळी तर लागली आणि ती लागली तिसऱ्या पाटीवर. त्या जागी दुसरी पाटी हवी होती. पाचवीच्या जागी पहिली हवी होती, लागली दुसरी. क्रम मोडला तो या दोन लागलेल्या गोळ्यांनी, म्हणून दहा. चूक विसरून ‘दोन, एक’ मारून मोकळे झाला असतात तर पाचावर भागलं असतं. रिव्हॉल्व्हर आणि रायफल यांच्यात भरपाईची गोळी नसते. खाली पाडायच्या पाट्यांवर शॉटगननं पडेपर्यंत मारता येतं, आणि ती सवय रिव्हॉल्व्हरमध्ये शिरते.

उलट बाजूही ऐका. समजा तुम्ही धांदलीत तिसरी गोळी तिसऱ्याऐवजी दुसऱ्या पाटीवर मारली असती आणि बाकी क्रम बरोबर ठेवला असता, तर पाचही लागल्या असत्या. मिस शून्य आणि पी एक. पाटी रिव्हॉल्व्हरचीच होती, फक्त चुकीच्या वेळी लागली. पण तीच गोळी शेजारच्या रायफलीच्या पाटीवर खणकन वाजली असती तर ती मिस. आवाज कितीही सुरेख येऊ दे. योग्य बंदुकीनं योग्य प्रकारच्या पाटीला लागली नाही की ती चुकली.

मिस मोजणारे तीन स्पॉटर असतात, टायमरवाला मोजत नाही. लोकांना वाटतं तो सगळ्यात जवळ उभा आहे म्हणजे त्याला सगळ्यात जास्त दिसतं. त्याचे डोळे बंदुकीवर असतात, पाटीवर नसतात. नसलेच पाहिजेत. स्टेज संपली की तो ‘स्पॉटर्स?’ असं विचारतो आणि तिघे बोटं वर करतात. मूठ वर आली तर एकही मिस नाही. तिघांतले दोघे जे म्हणतील ते लिहायचं. स्पॉटरसाठी इथे एक जुनं सूत्र आहे, मराठीत सांगायचं तर असं: लागली वाटली तर लागली, चुकली वाटली तरी लागली, चुकली हे ठाऊक असेल तरच चुकली. आपल्याकडे गल्ली क्रिकेटमध्येसुद्धा संशयाचा फायदा फलंदाजाला देतात, तेच हे.

आणि संशयाला इथे भरपूर जागा असते. पाटीच्या कडेला चाटून गेलेली गोळी ‘ठण्ण’ करत नाही, तिचा एखादा ‘टिक’ येतो तोही वाऱ्यात विरून जातो. काडतुसात जुन्या पद्धतीची काळी बंदुकीची दारू वापरणारा शूटर असेल तर तिसऱ्या बारानंतर पांढऱ्या धुरात पाटीच दिसत नाही. शेजारच्या स्टेजवरचा खणखणाट याच स्टेजचा वाटतो. नव्या स्पॉटरला मी सांगतो की कानावर विसंबू नकोस, पाटीच्या मागच्या मातीकडे बघ. आवाज आला नाही एवढ्यावरून मिस देऊ नकोस. धूळ उडालेली बघितलीस तरच बोट वर कर.

हे झालं गुणांचं. आता पुंगळी.

तुम्ही लिहिलंय की रायफल लिव्हर उघडून टेबलवर ठेवली होती, पण आत कॅरिअरवर, म्हणजे काडतूस वर उचलून देणाऱ्या भागावर, शेवटची पुंगळी अडकून राहिली, आणि तुम्ही शॉटगन उचलून बार काढला. याला ‘मायनर सेफ्टी’ म्हणतात. त्याचे दहा सेकंद. रिकाम्या पुंगळीनं कुणी मरत नाही हे खरं. पण माझ्या जागी उभे राहून पाहा. मी दोन हातांवर आहे. उघड्या रायफलीत मला पितळेची एक गोल कडा दिसते. ती रिकाम्या पुंगळीची आहे की भरलेल्या काडतुसाची, हे तिथून सांगता येत नाही. दोघांची कडा सारखीच दिसते. मला एवढंच कळतं की बंदूक खाली ठेवताना तुम्ही आत पाहिलं नाही. दंड त्या न पाहण्याचा आहे. शिवाय सुधारायला वाव होता: पुढच्या बंदुकीतून पहिला बार निघायच्या आत मागे येऊन ती पुंगळी काढली असतीत तर दंड लागलाच नसता. अनेक टायमरवाले अशा वेळी ‘रायफल!’ म्हणून हाक देतात. तुमच्याकडे दिली नाही म्हणून तक्रार करता येत नाही, हाक न मिळणं हे पुन्हा संधी मागायचं कारण होत नाही. शेवटचा बार काढल्यावर लिव्हर एकदा जास्तीची हलवा आणि डोळ्यांनी आत बघा. मी स्वतः ते वाक्य मनात मराठीत म्हणतो: ‘रिकामी, दिसली, ठेवली.’ हसू नका, तीन शब्दांना एक सेकंद लागतो आणि दहा वाचतात.

सुरक्षेच्या पायऱ्या याच्या पुढे चढत जातात. हॅमर ओढलेलं रिव्हॉल्व्हर तसंच हातातून खाली ठेवलं तर ती स्टेज बाद. रिकामी बंदूक पडली तर स्टेज बाद, भरलेली पडली तर सामन्यातूनच बाहेर. पडलेली बंदूक स्वतः उचलायची नाही, टायमरवाला उचलतो, तपासतो, रिकामी करून परत देतो. रिकाम्या बंदुकीचं तोंड कुणावरून फिरलं तर स्टेज गेली, भरलेल्या बंदुकीचं फिरलं तर सामना गेला. गोळी शूटरपासून पाच ते दहा फुटांत जमिनीत गेली तर स्टेज बाद, पाच फुटांच्या आत गेली तर सामना. दोन स्टेज बाद झाल्या तरी सामना संपला. यात कुणी बळी मागत नाही, पण सवलतही मिळत नाही. मुद्दाम नियम तोडून वेळ वाचवणाऱ्यांसाठी वेगळा दंड आहे, तीस सेकंदांचा. जवळच्या पाटीवर सगळ्या गोळ्या ओतून ‘घ्या तुमचे दहा’ म्हणणारा पूर्वी एखादा निघायचा, त्याच्यासाठी तो. तुमच्याशी त्याचा संबंध नाही.

रिव्हॉल्व्हरमध्ये सहा घरं असून पाचच काडतुसं का, हेही तुम्ही ओझरतं विचारलं आहे. हॅमरखालचं घर रिकामं राहावं म्हणून. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हॅमरची अणी थेट काडतुसाच्या बुडावर टेकते, कमरेवरून पडलं तर बार होऊ शकतो. नव्या रिव्हॉल्व्हरमध्ये ते होऊ नये अशी योजना असते, तरी नियम सगळ्यांना एकच आहे. भरायची रीत: एक भरा, एक सोडा, चार भरा, मग हॅमर पूर्ण मागे ओढून हळूच खाली सोडा. तो सोडलेल्या घरावर येतो. लोडिंग टेबलवरचा माणूस ते बघतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. हॅमरखाली जिवंत काडतूस घेऊन टेबल सोडलंत तर स्टेज बाद.

आता तुमची सहावी स्टेज. खरं सांगायचं तर या उत्तराला मी बसलो तो या एका प्रश्नासाठी.

तुम्हाला ‘मझल!’ ऐकू आलं, तुम्ही दचकलात, नळी परत समोर आली आणि तुम्ही पुढे खेळलात. तुमचा युक्तिवाद असा की नियम मोडला असेल तर दंड लावा, मोडला नसेल तर ओरडून माझा वेळ का घालवला? गुणांच्या न्यायानं हे बरोबर वाटतं. पण बंदुकीची नळी समोरच्या बाजूच्या 170 अंशांत राहिली पाहिजे असा नियम आहे, म्हणजे सरळ समोरून दोन्हीकडे 85 अंश. काटकोनाला पाच अंश कमी. तुम्ही उजव्या हाताचे. शॉटगन छातीशी तिरकी धरली की नळी डाव्या खांद्याकडे असते. उजवीकडे निघालात तर अंग उजवीकडे वळतं आणि नळी आपोआप टार्गेटकडे येते. डावीकडे निघालात तर अंग डावीकडे वळतं आणि नळी मागे, म्हणजे आमच्याकडे यायला लागते. उजव्या हाताच्या माणसाला डावीकडे जाणं कायम धोक्याचं. टायमरवाल्याला दिसलं की नळी 70 वर आहे आणि सरकते आहे. तो 86 व्हायची वाट बघत थांबला असता तर त्याला दंड लावता आला असता. तो 70 ला ओरडला. नियम याला ‘योग्य सूचना’ म्हणतो, अडथळा म्हणत नाही. योग्य सूचनेमुळे पुन्हा संधी मिळत नाही. मिळते ती टायमरवाल्यानं खरोखर अडवलं तर: तुमच्या वाटेत उभा राहिला, धक्का लागला, चुकून थांबवलं. तेव्हा स्कोअर कोरा होतो, मिस आणि पी पुसले जातात, पण सुरक्षेचे दंड मात्र सोबत येतात. पहिला बार जायच्या आधी काही बिघडलं तर सुरुवात पुन्हा करता येते, बार गेला की स्टेज तुमची.

माझ्याकडून हे उलटं घडलं आहे, म्हणून इतकं लिहितो. टायमर घेऊन दुसरंच वर्ष. एक वयस्कर, मापात बोलणारे गृहस्थ रिव्हॉल्व्हर चालवत होते. तिसऱ्या बाराचा आवाज वेगळा आला, ‘धप्प’ नाही, ‘पुक्’. हाताला झटकाही बसला नाही. पाटी वाजली नाही. काडतुसात दारू पडायची राहिली असेल तर बुडातल्या ठिणगी देणाऱ्या नुसत्या कॅपच्या जोरावर गोळी नळीत शिरून अडकते, त्याला ‘स्क्विब’ म्हणतात. मागून दुसरी गोळी आली की नळी फुगते, वाईट दिवस असेल तर फुटते. हे मला ठाऊक होतं. पण डोक्यात स्पॉटरचं सूत्र घोळत होतं: खात्री नसेल तर शूटरच्या बाजूनं. खात्री नव्हती. शेजारी कुणीतरी बोलत होतं, वारा होता. मी अर्धा सेकंद थांबलो. त्यांचा अंगठा हॅमरवर गेला, आणि मी तोंड उघडेपर्यंत चौथा बार झाला होता.

कुणाला काही झालं नाही. अनलोडिंग टेबलवर त्यांनी नळीवरून बोट फिरवलं आणि माझं बोट धरून तिथे नेलं. पुढच्या टोकापासून दोन इंचांवर पोलादाला अंगठीसारखी कड आली होती. ते रागावले नाहीत. ‘यू हर्ड इट टू,’ एवढंच म्हणाले. मी हो म्हणालो.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दोन वेगळे कप्पे आहेत. दंड लिहायचा असेल, मग तो पाच सेकंदांचा असो की सामन्यातून बाहेर काढायचा, तर मला स्वतःला दिसलं पाहिजे. ऐकीव, अंदाज, ‘असंच झालं असणार’ चालत नाही आणि संशय शूटरच्या पदरात. पण थांबवायचं असेल तर खात्रीची वाट बघायची नाही, संशय पुरे. ‘थांबा!’ म्हणा, नळी तपासा. अडकलेली गोळी निघाली तर ते रिव्हॉल्व्हर बाजूला, उरलेल्या गोळ्या मिस, पुढच्या बंदुकीवर चला. नळी स्वच्छ निघाली तर चूक माझी, शूटरला स्टेज पुन्हा द्यायची. मी तीन-चार वेळा असं उगाच थांबवलं आहे. एकदा एक बाई पुन्हा खेळल्या तेव्हा त्यांना चार सेकंद जास्त लागले आणि त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. चालतं.

तुमच्या टायमरवाल्यानं दुसऱ्या कप्प्यातलं काम केलं. दंड लिहिला नाही, कारण 85 ओलांडलेलं त्याला दिसलं नव्हतं. ओरडला, कारण ओलांडेल असं वाटलं. तुमचे दोन सेकंद गेले हे मान्य, पण गप्प राहिला असता तर बहुधा स्टेज गेली असती.

तरीही एखादा निर्णय पटला नाही तर दाद मागायची सोय आहे. टायमरवाल्याला शांतपणे कारण विचारा, मग तुमच्या तुकडीच्या, म्हणजे पॉसीच्या मार्शलकडे जा, त्यानंतर सामन्याच्या संचालकाकडे. तिथल्या तिथे, स्टेज सोडायच्या आत. घरी जाऊन स्कोअर वाचल्यावर कुणालाच काही आठवत नाही. आणि विचारताना ‘तुम्ही काय पाहिलंत?’ असं विचारा. ‘का दिलंत?’ विचारलं की माणूस बचावात जातो, ‘काय पाहिलंत?’ विचारलं की त्याला आठवावं लागतं. दोनदा तर समोरच्याला आठवताना स्वतःचीच चूक सापडलेली मी पाहिली आहे, आणि दंड मागे घेतला गेला.

डावीकडे जाण्याचं काय करायचं ते सांगतो. घरी रिकामी शॉटगन घ्या, काडतुसं दुसऱ्या खोलीत. भिंतीवर डोळ्याच्या उंचीला चिकटपट्टीचा तुकडा लावा, ते तुमचं टार्गेट. तिथून डावीकडे सहा पावलं जायचं, पण अंग वळवायचं नाही. बंदुकीचा दस्ता उजव्या कमरेशी दाबून ठेवा, नळी पट्टीकडे, आणि खेकड्यासारखं आडवं चाला. पायात पाय अडकतो, पहिल्या दिवशी हसू येतं. तुमची रिव्हॉल्व्हरं कशी बांधता हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यातलं एक डाव्या कमरेला आडवं असेल तर ते उपसतानाही हीच अडचण आहे, आधी डावा पाय पुढे टाकून डावी कमर टार्गेटकडे करायची आणि मगच हात घालायचा. आठवडाभर रोज दहा मिनिटं, घड्याळ न लावता. सहा पावलांत एकदाही नळी पट्टीवरून हलली नाही असं घरच्या कुणाला तरी मागे उभं करून बघायला सांगा.